शब्द पुन्हा भेटला पाहिजे

पलूस तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती सांगलीत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करते. वर्षभर रोज तासभर वर्तमानपत्र वाचते, अग्रलेख तर एकही चुकवत नाही. अडलेले शब्द वहीत उतरवून ठेवते. असे चारशेच्या वर झालेत. तरी निबंध लिहायला बसलं की 'खूप', 'महत्त्वाचे', 'मोठ्या प्रमाणात', 'समस्या निर्माण झाली' यांच्यापुढे पेन सरकत नाही. वाचताना कळलेले शब्द लिहिताना येत नाहीत. शेवटी तिनं विचारलंय, "सर, वाचनानं शब्दसंपत्ती वाढते असं सगळेच म्हणतात. मग माझी का वाढत नाही? समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करू का?"

मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या वाचनालयात रोज संध्याकाळी बसतो. तू सर म्हणून लिहिलंस, तेव्हा अगं-तुगंच करतो.

तुझी मेहनत कुठेही कमी पडलेली नाही, हे आधी मनाशी पक्कं कर. अडचण वाचनाच्या निवडीत आहे. बातमीचा शब्दसंग्रह ठरलेला असतो: बैठक, आढावा, निषेध, मागणी, आश्वासन, कारवाई, प्रशासन. बातमीदाराला तासाभरात मजकूर द्यायचा असतो, तो हाताशी असलेलेच शब्द वापरणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. हे शब्द तुला पहिल्या दोन महिन्यांतच येऊन गेले. पुढचे दहा महिने तू आलेलेच शब्द वाचत राहिलीस. अग्रलेखाचं नेमकं उलट होतं. आज अर्थसंकल्प, उद्या न्यायालयाचा निकाल, परवा क्रिकेट. प्रत्येकात पाच-सहा नवे शब्द असतात, पण सोमवारचा शब्द मंगळवारी नसतो. तू तो वहीत लिहिलास आणि तो वहीतच राहिला, कारण तो तुला पुन्हा भेटलाच नाही.

कराडच्या गाडीत रोज समोरच्या बाकावर बसणारा एखादा माणूस असतो ना, तसं शब्दाचं असतं. पहिल्या दिवशी नुसता चेहरा दिसतो. आठ दिवसांनी तो कुठं उतरतो ते कळतं. महिन्याभरानं त्याच्याबरोबर कोण असतं, तो कोणाशी बोलतो, कोणाशी बोलत नाही, हेही कळतं. मग एक दिवस आपण सहज त्याला हाक मारतो. तू चारशे जणांना एकेकदा पाहिलंस, आणि हाक मारायला नावं आठवत नाहीत म्हणून स्वतःला दोष देतेस. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. नुकतं पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच सगळ्यात जास्त गळतं, असं त्याला दिसलं. पुन्हा पुन्हा उजळणी झाली तर गळती कमी होते. तो अर्थहीन अक्षरं पाठ करत होता. तुझ्याकडे अर्थ असलेले शब्द आहेत, म्हणजे तुझं काम त्याच्याहून सोपं आहे.

पुन्हा भेटलेला शब्द कसा आपला होतो, ते इथलंच उदाहरण देऊन सांगतो. जुलै उजाडला की सांगलीत चहाच्या टपरीवरसुद्धा कोयनेचा विसर्ग किती हजार क्युसेक झाला यावर बोलणं चालू असतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ वर गेलं की धोका पातळी, हे इथल्या पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. 'विसर्ग म्हणजे सोडणे' असं त्याला कोणी वहीत लिहून दिलेलं नसतं. रेडिओवर, वडिलांच्या फोनवर, दुकानात, रोज तोच शब्द कानावर पडतो आणि पंधरा दिवसांत तो त्याच्या तोंडी बसतो.

एका वर्षी आठवीच्या वर्गात 'दुःख' कसं लिहायचं ते सांगत होतो. ख-च्या आधीच्या दोन टिंबांवर खडू टेकवून म्हटलं, "याला विसर्ग म्हणतात." मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, कोयनेचा?"

वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला आणि त्याला म्हटलं, "होय, तोच." उच्चारात श्वास बाहेर सोडला जातो म्हणून त्या टिंबांना विसर्ग म्हणतात, धरणातून पाणी सोडलं जातं म्हणून तोही विसर्गच. मूळ धातू 'सृज्'. सोडणं आणि निर्माण करणं असे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. मग फळ्यावर एकेक नाव यायला लागलं. गणपतीचं विसर्जन. चिमणीतल्या धुराचं उत्सर्जन. कवीचं सर्जन. निसर्ग. महाकाव्याचा सर्ग. एक मुलगी म्हणाली, "संसर्ग?" म्हटलं, तोही. दुसरी भीत भीत म्हणाली, "आजी म्हणती, शेजारच्या पोरांचा लई उपसर्ग हाय." व्याकरणातल्या 'प्र', 'परा', 'अप'ला उपसर्ग म्हणतात हे मुलांना माहीत होतं, पण त्रास या अर्थाचा उपसर्ग आजीनं घरी सांभाळून ठेवला होता. तास संपला तेव्हा आठ शब्द मुलांच्या ओळखीचे झाले होते. त्यातला एक आधीच त्यांच्या घरचा होता, म्हणून बाकीचे सात त्याच्या मागून आले.

तेव्हा माझं पहिलं सांगणं हे, की रोज नवा विषय घेऊ नकोस. एक विषय किंवा एक लेखक धर आणि महिनाभर त्याच्याबरोबर राहा. नदी आणि पूर हा विषय घेतलास तर पाणलोट, पूररेषा, विसर्ग, गाळ, मळई, फुगवटा हे शब्द दर दोन पानांनी भेटत राहतील. आधी साधा लेख वाच, मग त्याच विषयावरचं पुस्तक आणि नंतर मराठी विश्वकोशातली नोंद. विश्वकोशाचं काम आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाईला झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते, आणि आता तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्याची भाषा काटेकोर आहे. सैलपणे ओळख झालेला शब्द तिथं नेमक्या अर्थानं पुन्हा भेटतो.

ललित वाचायचं असेल तर एकाच लेखकाची दोन-तीन पुस्तकं लागोपाठ वाच. प्रत्येक लेखकाचे आवडते शब्द असतात, ते त्याच्या प्रत्येक पुस्तकात येतात. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. त्यांची वाक्यं लहान आणि शब्द माणदेशच्या मातीतले, तुला ते परके वाटणार नाहीत. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, १८९८ सालचा. त्यांची भाषा अलंकारिक आणि संस्कृत शब्दांनी भरलेली. तुला वैचारिक निबंध लिहायचा आहे, तेव्हा दोन्हींची गरज पडेल, पण सुरुवात माडगूळकरांपासून कर.

पुस्तक पेलेल की नाही हे कसं ओळखायचं? इंग्रजी शिकणाऱ्या वाचकांवर काम केलेले भाषाभ्यासक पॉल नेशन यांनी एक प्रमाण सांगितलं आहे. कोणाची मदत न घेता वाचलेलं नीट समजायचं असेल, तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत. आकडा इंग्रजीचा आहे, पण मी तो मराठी पुस्तकांना लावून पाहिलाय आणि तो कामाला येतो. पुस्तकाचं मधलंच एखादं पान उघड. पानावर अडीचशे शब्द धरले तर पाच अडले पाहिजेत. एकही अडला नाही तर ते पुस्तक विश्रांतीसाठी ठेव. दहा-बारा अडले तर ते सहा महिन्यांनी वाच. वाचनालयात मी अनेकांना पाहिलंय, कोणीतरी मोठं नाव सांगितलं म्हणून जाडजूड ग्रंथ घरी नेतात, तिसाव्या पानावर थकतात आणि वाचणंच सोडून देतात.

आता वहीविषयी. तुझी वही कशी असेल ते मी न पाहता सांगतो: डावीकडे शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे अर्थ. ती बंद कर. नवी वही घे आणि डावं पान शब्दासाठी, उजवं पान रिकामं, अशी ठेव. डाव्या पानावर शब्द लिहायचा आणि तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. पुस्तकाचं नाव, पान, तारीख. अर्थ लगेच लिहायचा नाही. आधी वाक्यावरून अंदाज करायचा, पेन्सिलीनं लिहायचा आणि मग कोश पाहायचा. उजवं पान वाट पाहतं. तो शब्द दुसरीकडे भेटला की ते दुसरं वाक्य उजवीकडे लिहायचं.

'सबब' या एका शब्दाचं पान कसं भरलं, ते सांगतो. वाचनालयात येणाऱ्या एका मुलानं डावीकडे तहसील कार्यालयातून आलेल्या कागदातलं वाक्य लिहिलं होतं: 'सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' त्याचा पेन्सिलीतला अंदाज होता, 'बहाणा?' कारण घरी 'सबब सांगू नकोस' हे त्यानं ऐकलेलं. पण बहाणा इथं बसत नव्हता. चार दिवसांनी एका कथेत 'आजारपणाच्या सबबीवर त्याने रजा घेतली' असं वाक्य भेटलं. मग जुन्या पत्रांच्या एका संग्रहात 'पाऊस फार, सबब येणे झाले नाही' अशा धाटणीची वाक्यं त्याला दिसली. तिन्ही वाक्यं समोरासमोर आल्यावर त्याला स्वतःलाच उलगडलं, की मूळ अर्थ 'कारण' आहे. सरकारी कागदात 'या कारणास्तव', जुन्या पत्रात 'या कारणानं', आणि घरात खोटं वाटणारं कारण. शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आलाय. मी काही शिकवलं नाही, वहीनंच शिकवलं. त्याच आठवड्यात तो 'मजकूर इसम' घेऊन आला. आपण 'मजकूर' म्हणजे लिहिलेलं असं समजतो, पण मूळ अर्थ 'उल्लेख केलेला', म्हणून 'मजकूर इसम' म्हणजे वर सांगितलेला माणूस. सातबारा, फेरफार, खरेदीखत यांची भाषा तुला परीक्षेनंतर नोकरीतही लागेल. घरात जुने कागद असतील तर वडिलांकडून मागून घे आणि वाच.

तीन महिन्यांत ज्याचं उजवं पान कोरंच राहिलं, तो शब्द खुशाल सोडून दे. तो तुझ्या वाटेवरचा नव्हता.

कोशाबद्दल थोडं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. बोलीतले, शेतातले, बाजारातले शब्द त्यात आजही सापडतात. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आता फोनवर शोधता येतात. माझ्याकडे दाते-कर्व्यांचे सगळे खंड होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा ते खालच्या फडताळात होते. वर न्यायला वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर पंख्याखाली पानं सोडवत बसलो, पण चिखलानं पानाला पान चिकटलं होतं. दोनच खंड बचावले. त्या पुरात सांगलीतल्या वाचनालयांनी किती ग्रंथ गमावले हे आठवलं की आजही पोटात कालवतं. फोनवरचा कोश वापरताना मला कमीपणा वाटत नाही. तूही वापर, फक्त अंदाज आधी आणि कोश नंतर, हा क्रम मोडू नकोस.

काही शब्द मात्र नुसत्या वाचनानं पुरते कळत नाहीत, ते जाऊन पाहावे लागतात. 'गल्लोगल्ली शिकवण्यांचे पेव फुटले आहे' हे वाक्य मी एकदा नववीला दिलं. हरिपूरकडून सायकलवर येणारा एक मुलगा म्हणाला, "सर, पेव फुटत नाय, पेव उघडत्यात." त्याचे आजोबा हळदीच्या पेवात उतरणारे. पुढच्या रविवारी दहा-बारा मुलांना घेऊन मी हरिपूरला गेलो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचं हे गाव, आणि तिथं जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र रांजणासारखा मोठा पोकळ घेर. आजोबांनी सांगितलं, पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही. आत कोंडलेली हवा जीव घेते. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील खाली सोडायचा. तो तेवत राहिला तर माणूस उतरतो. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली आणि हळद शीतगृहांत जायला लागली. त्या दिवशी मुलांनी पेवाच्या काठावर वाकून आत पाहिलं. एवढ्याशा तोंडामागे एवढा साठा दबून असतो, तो एकदम बाहेर आला तर काय होईल, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. 'पेव फुटणे' त्यांतला कोणी विसरला असेल असं मला वाटत नाही.

यातून मला तुझ्याविषयी एक सांगायचंय. तुझा शब्दसाठा लहान नाही. तू उसाच्या पट्ट्यातली. लागण, खोडवा, निडवा, आडसाली, सरी, पाचट, मोळी, वाफसा हे शब्द तू चालायला शिकलीस तेव्हापासून ऐकतेस. आणि निबंधात मात्र लिहिशील, 'जमिनीत योग्य प्रमाणात ओलावा निर्माण झाल्यानंतर'. अगं, 'वाफसा आल्यावर' म्हण ना! 'उन्हाळ्याच्या अखेरीस गडगडाटासह पडणारा पाऊस' म्हणजे वळीव. हे गावंढळ शब्द नाहीत, अचूक शब्द आहेत. घरचे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून पुस्तकी शब्दांच्या शोधात निघालेली मुलं मी फार पाहिली. वहीची शेवटची वीस पानं आई-वडिलांच्या तोंडच्या शब्दांना दे. सुट्टीत घरी गेलीस की भर.

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करण्याविषयी तू विचारलंयस. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही फळ्यावर याद्या लिहून देत असे: आग, अग्नी, अनल, विस्तव, पावक. एका मुलानं निबंधात लिहिलं, 'आईने पहाटे चुलीत अनल पेटवला.' मी लाल शाई मारली आणि गुण कापले. चूक त्याची नव्हती, माझी होती. मी त्याला शब्द दिले, पण ते कुठं राहतात ते सांगितलं नाही. चुलीत विस्तव असतो. घराला आग लागते. चितेला अग्नी देतात. डोंगरावर वणवा पेटतो. थंडीत कोपऱ्यावर शेकोटी असते आणि राखेखाली निखारा. ही घरं फक्त वाक्यांतून, म्हणजे वाचनातून आणि बोलण्यातूनच कळतात. याद्या परीक्षेआधीच्या महिन्यात उजळणीपुरत्या बघ.

राहिली तुझी मुख्य तक्रार, कळतात पण लिहिताना येत नाहीत. त्यासाठी रोज दहा मिनिटांचा एक सराव कर, तो एकही दिवस टाळू नकोस. अर्धा तास वाचून झालं की पुस्तक बंद कर. वाचलेलं आठवून सात-आठ ओळी लिही. बघून नाही, आठवून. मग पुस्तक उघड आणि ताडून पाहा: जिथं तू 'खूप पाऊस पडला' लिहिलंस तिथं लेखकानं काय लिहिलंय? पावसानं झोडपलं? रिपरिप चालली होती? नुसती भुरभुर होती? प्रत्येक 'खूप'ला पेन्सिलीनं गोल कर. शब्द ओळखणं आणि शब्द काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. तू वर्षभर पहिलंच केलंस, दुसऱ्याचा हात बसलेला नाही. आठवून लिहिताना जिथं शब्द सापडत नाही, तिथं एक खाच पडते, आणि नंतर पुस्तकात दिसलेला शब्द त्या खाचेत बसतो. खोलीतल्या मैत्रिणीला रात्री जेवताना वाचलेलं सांगितलंस तरी हेच काम होतं. आठवड्यातून दोनदा एखादं पान मोठ्यानं वाच, अडखळशील तिथं शब्द नवा आहे असं समज.

वर्तमानपत्र बंद करू नकोस, परीक्षेला ते लागतंच. तासाचा अर्धा तास कर आणि उरलेला अर्धा तास पुस्तकाला दे. रविवारी चार तास वाचून आठवडाभर काहीच नाही, असं मात्र नको.

वाचनालयाचं सभासदत्व नसेल तर या आठवड्यात घे. अनामत आणि वर्गणी मिळून फारसा खर्च येत नाही. पहिल्या पुस्तकाची मधली तीन पानं तिथंच उभ्यानं वाचून पाहा, अडलेले शब्द मोज आणि मगच पुस्तक नावावर कर. सहा आठवड्यांनी वहीची किती उजवी पानं भरली तेवढं मला कळव. डावी मोजू नकोस.